दोन फुटांतली खाडी

डोंबिवलीच्या हॉलमध्ये चोवीस टाक्या मांडल्या होत्या आणि त्या चोवीसांत भावना मढवीचा नंबर तेविसावा आला. चोविसाव्या टाकीतलं पाणी आदल्या दिवशीच गळून गेलं होतं. म्हणजे खरं पाहिलं तर शेवटचा नंबर तिचाच.

तिला हे काही केल्या पटेना. भावना ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतची. माहेर कोलशेत, सासरही कोलशेत. शेतं गेली, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर तिचा संसार होता. नवरा हितेश आणि हॉलभर काचेच्या टाक्या. टाक्यांत मासे नावाला. तिचा जीव झाडांत. पाण्याखाली वाढणारे नेचे, लव्हाळ्यासारखी लांब पाती, तांबड्या पानांचे झुबके, दगडांवर चढणारं मऊ शेवाळ. दुकानातून आणलेलं जे झाड दुसऱ्याच्या घरी आठवड्यात सडायचं, तेच भावनाकडे दोन महिन्यांत टाकी भरून टाकायचं. कल्याणपासून बदलापूरपर्यंतचे लोक तिच्याकडे फांद्या मागायला येत. भावनाताईंच्या हाताला गुण आहे, असं मासे पाळणाऱ्या मंडळींत सगळीकडे बोललं जायचं. त्यामुळे त्यांच्या मंडळानं ॲक्वास्केपिंगची, म्हणजे पाण्याखालची टाकी सजवायची, स्पर्धा जाहीर केली तेव्हा पहिल्या नंबरावर तिनं मनातल्या मनात रुमाल टाकून ठेवला होता.

गुणांचा कागद हातात आला. झाडांचं आरोग्य, वीसपैकी वीस. मांडणी, चाळीसपैकी चार.

पहिला आला हर्षित, कल्याणचा एक सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याच्या टाकीसमोर भावना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काळे उभे दगड, त्यांच्या मधून गेलेली पांढऱ्या वाळूची वाट, पायथ्याशी थोडी हिरवळ. ती हिरवळसुद्धा पिवळी पडायला लागलेली. "याच्यापेक्षा माझ्या बादलीत जास्त झाडं आहेत," ती हितेशच्या कानाशी पुटपुटली.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही, आणि तीच तिला जास्त लागली. तिच्या टाकीपाशी लोक येत, "वा, काय हिरवंगार आहे!" म्हणत आणि पुढे जात. हर्षितच्या टाकीपाशी ते थांबत. काही बोलत नसत. वाकत, डोकं तिरकं करत, पुन्हा वाकत. एक बाई तर आपल्या लहान मुलीला उचलून म्हणाली, "त्या वाटेनं गेलं की पलीकडे काय असेल गं?"

हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा भावना सरळ परीक्षकांकडे गेली. निशिगंधा कर्णिक, डोंबिवलीच्याच, पेशानं आर्किटेक्ट, पन्नाशीच्या.

"मॅडम, भांडायला नाही आले. फक्त सांगा, माझं चुकलं काय?"

निशिगंधाबाई तिला घेऊन पुन्हा तिच्या टाकीपाशी आल्या. "चुकलं काहीच नाही. इतकी निरोगी झाडं मी वर्षानुवर्षं पाहिलेली नाहीत. ही फार उत्तम लावलेली टाकी आहे, प्लांटेड टँक म्हणतात ना, ती. तुम्ही बाग केलीत. सगळी झाडं रांगेत, उंच मागे, बुटकी पुढे, प्रत्येकाला वाढायला जागा. स्पर्धा मात्र ॲक्वास्केपची होती. तिथे झाडं म्हणजे रंग झाले. चित्र काय काढलंत, ते मी बघते."

"म्हणजे झाडं मेली तरी चालतील?"

"नाही चालणार. रंग उडालेलं चित्र कोण बघेल?" त्या हसल्या. "पण तुमच्या टाकीत मला झाडं दिसली, भावनाताई. त्या मुलाच्या टाकीत मला एक जागा दिसली. मला तिथे जावंसं वाटलं."

परतताना माणकोलीच्या पुलावर हितेशनं विचारलं, "आता काय?" भावना खिडकीबाहेर बघत होती. "काय म्हणजे? पुढल्या वर्षी येणार," ती म्हणाली.

येणार हे ठरलं, पण शिकायचं कुणाकडे? इंटरनेटवर तिनं ढिगानं व्हिडिओ पाहिले. सगळे डोंगर, सगळी जंगलं, सगळे धबधबे. पाहून पाहून तिनं एक डोंगर रचला, तो स्वयंपाकघरातल्या बटाट्यांच्या ढिगासारखा दिसला. पुन्हा रचला. आता तो मोठ्या बटाट्यांचा दिसला.

डिसेंबरात तिच्याकडे वर्तकनगरहून सिल्वेस्टर परेरा आले. कोलशेतच्या कारखान्यात साचे करणारे सुतार म्हणून आयुष्य काढलेलं, आता सत्तरी ओलांडलेली. दर नाताळला चर्चच्या आवारात ख्रिस्तजन्माचा देखावा उभा करायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि त्यातल्या तळ्याच्या काठाला लावायला त्यांना खरंखुरं शेवाळ हवं होतं. भावनानं दुसऱ्या दिवशी डबाभर शेवाळ स्वतः नेऊन दिलं. दिलं आणि तिथेच खिळून राहिली.

देखावा असेल सहा फूट लांब आणि चार फूट खोल. पण त्यात मैलभर लांबीचं माळरान होतं. पुढचा मेंढपाळ वीतभर उंच, त्याच्या मागचा बोटभर, आणि पार मागे टेकडीवर एक होता तो काडेपेटीतल्या काडीएवढा. वाट पुढे हातभर रुंद होती. वळत वळत मागे जाताना ती दोऱ्याएवढी बारीक झाली होती.

"अंकल," ती म्हणाली, "मला हे शिकवा."

"ह्यात शिकवण्यासारखं काय आहे बाय? लाकूड, गोणपाट आणि चिकणमाती."

"मला पाण्यात करायचंय."

सिल्वेस्टरनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "नाताळ होऊ दे," ते म्हणाले.

जानेवारीत ते चौदाव्या मजल्यावर आले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या टाक्या पाहिल्या, प्रत्येकीपुढे मान डोलावली आणि मग म्हणाले, "आता एक टाकी रिकामी कर. पाणी नको. झाडं तर नकोच नको. एक महिना."

"महिनाभर झाडं नाहीत?"

"एक पान नाही."

भावनाला हा महिना उपासासारखा गेला. कोरडी दोन फुटी टाकी, थोडी वाळू, पाच-सात दगड आणि दोन-तीन वाळक्या मुळांची लाकडं. सिल्वेस्टर दर शनिवारी येत, सोफ्यावर बसत, चहा पीत आणि ती काय मांडते ते बघत. बोलायचे कमी. "मोठा दगड मधोमध ठेवलास. आता डोळा तिथेच बसला, उठायला तयार नाही. त्याला जरा बाजूला सरकव, म्हणजे डोळा फिरेल." किंवा, "बघणारा माणूस आत शिरतो कुठून? दार दाखव मला." आणि पुन्हा पुन्हा सांगायचे ते हे: "डोळे अर्धे मिट. अर्ध्या मिटल्या डोळ्यांना पानं दिसत नाहीत, दगड दिसत नाहीत. नुसता उजेड आणि अंधार दिसतो. तो बरोबर असला की बाकीचं बरोबर होतं."

मार्चमध्ये तिनं एक डोंगर असा काही रचला की हितेशनं ऑफिसला जाता जाता फोटो काढला. टोकदार शिखरं, मधे दरी, दरीत वाट. शनिवारी सिल्वेस्टर आले तेव्हा ती दारातच उभी होती.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "चांगलं आहे. अगदी चांगलं. कुठलं गाव हे?"

"गाव?"

"हा डोंगर कुठला? तू गेलीस कधी?"

"नाही हो. असाच. नेटवरचा."

"मग तुला काय ठाऊक त्या वळणाच्या मागे काय आहे?" सिल्वेस्टर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "मी बेथलेहेम पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं मी येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचं माळरान करतोय. लहानपणी तिथं बकऱ्या चारल्यात मी. लोकांना वाटतं बेथलेहेम. तू तुझं पाहिलेलं कर."

भावनानं त्या रात्री डोंगर मोडला. सकाळी ती दोन गल्ल्या पलीकडे भावाच्या घरी गेली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, चला, खाडीवर जाऊ."

नाथा भोईर अठ्ठ्याहत्तरचे. तरुणपणी मिठागरावर राबलेले, पुढे ते आगर गेलं, मीठ गेलं, आणि कोणी त्याबद्दल विचारेनासं झालं. काठी टेकत ते खाडीच्या कडेला आले. ओहोटी होती. मऊ काळा चिखल उन्हात चकाकत होता, खारफुटीची, कांदळाची मुळं कमानीसारखी चिखलात रुतून उभी होती, आणि मधून एक पाण्याची रेघ गेली होती.

"बाबा, पाणी आत कसं यायचं? मिठागरात?"

बापानं काठी उचलून दाखवलं. "हिकडशी. यो बांद होता, पार त्या तिवरांपावत. आनी बांदाला उघाडी. उघाडी म्हंजे तोंड गो, फली लावलेली. भरती आली का फली काडायची, पानी आत घ्यायचं. भरलं का फली टाकायची. झालं, कोंडलं पानी."

"सरळ यायचं?"

"सरल कं येल पानी? पानी वलून येतं. पैलं कांदलाच्या मुलांशी खेलतं, मंग बांदाला घासून जातं, मंग उघाडीत शिरतं. तोंडाशी रुंद, आत गेलं का बारीक."

भावना ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर सिल्वेस्टरची ती दोऱ्याएवढी झालेली वाट होती. तिनं पिशवीतून वही काढली. नाथांनी तासभर तिला बांधाची उंची, चिखलाचा उतार, कांदळ कुठे दाट आणि कुठे विरळ, सगळं सांगितलं. इतकं बोलताना तिनं त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. परतताना ते दमले, रस्त्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "कशाला पायजे तुला यो सगला?"

"टाकीत करायचंय."

"येडी झालीस," नाथा म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चौदाव्या मजल्यावर हजर झाले.

एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत तिनं ती खाडी अकरा वेळा रचली आणि दहा वेळा मोडली. फांद्याफांद्यांचं लाकूड उलटं करून वाळूत रोवलं की त्याची कांदळाची मुळं होतात, हे तिला जूनमध्ये सुचलं. पुढची मुळं जाड, मागची काडीएवढी. बांधासाठी मोठे दगड पुढे आणि त्याच जातीचे खडे मागे. झाडंही तशीच निवडायची. पुढे रुंद पानं, मागे बारीक, म्हणजे मागचं आणखी दूर वाटतं. आणि इथे ती कुणाला हार जाणारी नव्हती. कुठलं झाड किती उजेडात किती वाढेल हे तिला हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. सिल्वेस्टरना एकदा तिनं सांगितलं, "हे आत्ता बुटकं दिसतंय ना, दहा दिवसांनी बरोबर बांधाच्या काठापर्यंत येईल." ते म्हणाले, "माझ्या मेंढ्या वाढत नाहीत. तुझं काम माझ्याहून अवघड आहे."

यंदाच्या स्पर्धेचा नियम नवा होता. सगळ्यांनी हॉलमध्ये येऊन सकाळी नऊ ते तीन या वेळात टाकी उभी करायची. मग दहा दिवस ती तिथेच राहणार, रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन देखभाल करायची आणि अकराव्या दिवशी निकाल.

भावनाच्या शेजारचंच टेबल हर्षितचं होतं. "अरे, काकी! वेलकम बॅक!" तो म्हणाला. मनानं वाईट नव्हता, पण गेल्या वर्षीच्या पहिल्या नंबरानं त्याची मान जरा ताठ झाली होती. "यावेळी पण जंगल आणलंय का सगळं?"

"बघशील," भावना म्हणाली आणि कामाला लागली.

बारापर्यंत बांध उभा राहिला, मुळं रोवून झाली, वाळूची खाडी उजवीकडून रुंद शिरून डावीकडे मागे बारीक होत गेली. दोनपर्यंत लागवड झाली. शेवटी तिनं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक झुबका काढला. आठ महिने वाढवलेली तांबडी झाडं, रक्तासारखी लाल, ठाण्यात असा रंग दुसऱ्या कुणाला आलेला नव्हता. मागच्या कोपऱ्यात तिनं ती लावली. आजूबाजूच्या टेबलांवरून दोघं-तिघं उठून बघायला आले. "क्या बात है," कोणीतरी म्हणालं.

अडीच वाजता ती चार पावलं मागे गेली आणि तिनं डोळे अर्धे मिटले.

खाडी नाहीशी झाली. बांध नाही, कांदळ नाही, पाणी नाही. मागच्या कोपऱ्यात फक्त एक लाल गोळा, सगळ्यांवर ओरडणारा. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. तेच. तिनं आपल्या मनाला समजावून पाहिलं की इतका सुंदर लाल परीक्षकांना आवडेलच. पण ती कोलशेतच्या खाडीवर चाळीस वर्षं उभी राहिली होती आणि तिथे तिनं असलं लाल कधी पाहिलं नव्हतं.

ती टाकीपाशी गेली, लांब चिमटा आत घातला आणि एकेक झाड उपटायला लागली.

"काकी, पागल झाल्या का?" हर्षित ओरडलाच. "एवढा भारी कलर! लोग मरते है इसके लिए!"

"माहितीये रे," ती म्हणाली. धडधाकट झाड उपटणं तिला कधी जमलेलं नव्हतं, शेतकऱ्याच्या घरातली ती. पण शेवटचं झाड निघालं, तिनं ती जागा मोकळीच ठेवली, आणि मागे जाऊन पाहिलं. त्या मोकळ्या कोपऱ्यात आता नुसता उजेड होता. खाडी त्या उजेडाकडे चालली होती.

तीनची घंटा झाली.

दुसऱ्या दिवसापासून भावना रोज संध्याकाळी हितेशच्या गाडीतून माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीला येऊ लागली. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्या टाक्या छान होत्या. पाचव्या दिवशी गडबड सुरू झाली. बहुतेकांनी झाडं नर्सरीतून ताजी आणली होती. अशी झाडं पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात बुडाली की ती जुनी पानं टाकून देतात आणि मग नवी धरतात. मधले दिवस वाईट. एकेका टाकीतली पानं पारदर्शक व्हायला लागली, विरघळायला लागली, दगडांवर तपकिरी थर धरला. भावनाची झाडं मात्र आठ महिने तिच्याच पाण्यात वाढलेली, फिल्टरसुद्धा घरचा, आधीपासून चालता. तिच्या झाडांना आपण कोलशेतहून डोंबिवलीला आलोय हे बहुधा कळलंही नव्हतं.

सहाव्या संध्याकाळी हर्षित आपल्या टाकीसमोर स्टुलावर बसलेला होता, हात मांडीवर टाकून. त्यानं या वेळी एक उजाड पठार केलं होतं आणि त्यावर बारीक गवताचा गालिचा. मांडणी अशी की बघत राहावं. पण गालिचा जागोजागी पांढरा पडून तरंगत होता.

"गेलं सगळं, काकी," तो म्हणाला. या वेळी आवाजात मस्ती नव्हती.

भावना तिच्या जागी उभी होती. क्षणभर तिच्या मनात आलं, जाऊ दे ना. मग तिचं लक्ष त्या गवताकडे गेलं. मुळं अजून जिवंत होती. तिला ते बघवेना.

"काही गेलं नाही. उठ. कात्री आण," ती म्हणाली. "वरचं सगळं काप. घाबरू नकोस, काप. आता निम्मं पाणी बदल, आणि उद्या पण निम्मं, परवा पण. लाइट किती तास ठेवलायस? दहा? सहाच ठेव. आणि त्याला सारखं हात लावू नकोस, बसू दे त्याला."

हर्षितनं सांगितलं तसं केलं. चार दिवसांत त्याच्या पठारावर सुईच्या टोकाएवढी हिरवी पालवी उगवली. अकराव्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांसमोर भावनाच्या पायांना हात लावला. ती इतकी गोंधळली की तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

निकालाच्या दिवशी सिल्वेस्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले. हितेश नाथांना धरून घेऊन आला. भावनानं नवव्या दिवशी पाण्यात बोटाच्या पेराएवढे तीस रुपेरी मासे सोडले होते. ते आता एका थव्यानं खाडीच्या तोंडातून शिरत, कांदळाच्या मुळांपाशी वळत आणि बांधाच्या कडेनं आत जात. झाडं सांगितल्यासारखी बांधाच्या काठापर्यंत येऊन थांबली होती.

निशिगंधा कर्णिक एकेक टाकी बघत आल्या. भावनाच्या टाकीसमोर त्या थांबल्या. वाकल्या. डोकं तिरकं केलं. हातातली वही त्यांनी काखेत मारली आणि खुर्ची ओढून चक्क बसल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. मंडळाचे सेक्रेटरी घड्याळ बघायला लागले.

बाजूला काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तो भावनाचा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आजोबा, तुम्हाला काय दिसतं यात?" त्यांनी सहज विचारलं.

नाथा काचेच्या जवळ गेले. "भरती लागलीय," ते म्हणाले. "पैलीच हाय, अजून अर्दा तास लागंल भरायला." मग त्यांनी काठीनं डावीकडे मागे दाखवलं, जिथे दोन खड्यांमध्ये बोटभर फट होती. "उघाडी उगडी हाय. कोनीतरी फली काडून ठेवलीय. मानूस हाय हंयच कुठंतरी."

निशिगंधाबाई त्या फटीकडे बघत राहिल्या. त्यांनी वही उघडली आणि लिहायला घेतलं.

तिसरा नंबर जाहीर झाला, तो बदलापूरचा. दुसरा हर्षितचा, आणि टाळ्यांत सगळ्यात मोठ्या टाळ्या भावनाच्या होत्या. मग निशिगंधाबाईंनी माईक हातात घेतला.

"आज इथे सुंदर चित्रं बरीच आहेत. निरोगी बागाही आहेत. पण दहा दिवसांनंतर पहिल्या दिवसापेक्षा जास्त सुंदर झालेलं चित्र एकच आहे, कारण ते काढणारीला झाडं कशी जगतात हेही ठाऊक आहे आणि ती कुठे नकोत हेही. मांडणी चाळीसपैकी अडतीस. झाडांचं आरोग्य, वीसपैकी..." त्या हसल्या, "ते मी सांगायला नको. पहिलं पारितोषिक, भावना मढवी, कोलशेत."

हॉल दणाणला. हितेशनं शिट्टी मारली, जी त्यानं लग्नानंतर कधी मारली नव्हती. भावना स्टेजवर गेली कधी, ढाल हातात आली कधी, तिला धड आठवलं नाही. एवढंच आठवलं की तिला रडू येईल असं वाटलं होतं आणि आलं ते हसू, पोटातून, थांबेना असं. खाली उतरल्यावर तिनं ढाल सिल्वेस्टरच्या हातात दिली.

"मागची मुळं अजून बारीक चालली असती," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला खूप वेळ पुसला. "पण गाव ओळखू आलं, बाय. पहिल्या नजरेत."

नियमाप्रमाणे त्या संध्याकाळी सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या होत्या. तेवीस झाल्या. चोविसाव्या, म्हणजे भावनाच्या, टाकीपुढची गर्दी हलेना, तेव्हा सेक्रेटरी स्वतः भावनाकडे आले आणि म्हणाले, "ताई, आठवडाभर राहू दे ना इथेच. लोक विचारतायत." हर्षितनं तिथल्या तिथे रोजचं पाणी बदलायचं काम अंगावर घेतलं आणि वर अट घातली की दर रविवारी तो कोलशेतला येणार, झाडं शिकायला. "ये," भावना म्हणाली, "पण मला ते उभे दगड कसे चिकटवतोस ते दाखवायचं." सौदा ठरला.

बाकीचं काम नाथांनी केलं. ते कोलशेतला पोचले आणि देवळाच्या पारावर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपली खाडी डोंबिवलीत आहे, काचेत आहे, भरती लागलेली आहे. ऐकणाऱ्यांनी आधी म्हाताऱ्याला वेड्यात काढलं. मग फोनवर फोटो पाहिले. मग कुणीतरी टेम्पो ठरवला.

रविवारी सकाळी हॉलचं दार उघडलं तेव्हा समोर कोलशेतची पंचवीस माणसं उभी होती, बायका नथी घालून, म्हातारे पांढऱ्या टोप्यांत. सगळी त्या दोन फुटी टाकीला चिकटली. मग कमळाबाईनं काचेवर बोट टेकलं.

"यो आमचा बांद. आमच्या सासऱ्यानं घातलेला."

"तुमचा कसा?" मागून काळुराम उसळला. "तुमचा पलीकडं, तिवरांच्या अंगाला. उघाडीच्या हिकडचा आमचा."

"तुज्या बापाला इचार!"

"बाप हाय का आता? नाथाला इचार!"

पाच मिनिटांत हॉल डोक्यावर घेतला गेला. कुणाची बाजू कुठली, कुणाची होडी कुठल्या मुळाशी बांधलेली असायची, कोण त्या चिखलात रुतून बसला होता आणि कुणी ओढून काढला होता, सगळं त्या काचेवर बोटांनी दाखवलं जात होतं. निशिगंधा कर्णिक दारात येऊन उभ्या होत्या आणि आत जायला त्यांना जागा मिळत नव्हती.

भावनानं खांद्यावरचा टॉवेल काढला, काचेवरचे बोटांचे ठसे पुसले आणि बाजूला झाली. ठसे लगेच पुन्हा उमटले. बाहेर दुसरा टेम्पो येऊन थांबत होता.